दोरीच्या टोकाचा बहावा

फोन आला तेव्हा मी मंगळवार बाजारात ज्वारी पारखत उभी होते. मूठभर ज्वारी तळहातावर घ्यायची, फुंकर मारायची, दोन दाणे दाताखाली धरायचे आणि दुकानदाराच्या तोंडाकडे न बघता ‘दुसरी दाखवा’ म्हणायचं, ही माझी चाळीस वर्षांची खोड. दाणे दाताखाली होते आणि अक्काचा फोन वाजला. अक्का म्हणजे माझी थोरली बहीण, सुमन. गेली सहा वर्षं तिला दिसत नाही. तिच्या फोनवर एक बटण दाबलं की माझा नंबर लागावा, अशी सोय दाजींनी करून ठेवली होती. पण ते घरात असताना ती मला कधी फोन करत नसे. मी ‘हॅलो’ म्हणायच्या आतच ती म्हणाली, “घरी ये गं... दोरीला वजन लागतंय.”

मला काही उमजेना. “कसलं वजन?”

“हे बहाव्याखाली बसलेत. चार हाका मारल्या, ओ देईनात. दोरी हातात धरलीय, ती सुटंना झालीय.”

रिक्षाने घरी पोहोचले तेव्हा फाटक उघडंच होतं. माघ सरत आला होता, ऊन अजून कोवळं होतं आणि अंगणात पानगळ सुरू होती. बहाव्याच्या बुंध्याशी जो शहाबादी फरशीचा कट्टा आहे त्यावर दाजी पाठ टेकून बसले होते. टोपी गुडघ्यावर, फांद्या ओढायची लांब आकडी मांडीवर आडवी, आणि उजव्या मनगटाला दोरीचा एक वेढा. शेजारी अक्का बसलेली, तिचा हात त्यांच्या हातावर. डॉक्टर येऊन गेले, हृदय थांबलं म्हणाले, काही मिनिटांचाच खेळ झाला असेल. दाजींच्या खांद्यावर बहाव्याची दोन-चार पिवळी पानं पडली होती. ती झटकावीत की राहू द्यावीत, हे मला कितीतरी वेळ ठरवता आलं नाही. शेवटी राहू दिली.

आता दोन महिने होऊन गेले आहेत. मी शिक्षिका होते, आयुष्यभर मुलांना ‘माझे आवडते झाड’ यावर वीस ओळी लिहायला लावल्या. आज माझ्यावर वेळ आली आहे, तर ओळी झाडाच्या लिहू की माणसाच्या, हेच कळत नाही.

दाजी म्हणजे अक्काचे यजमान. बहिणीच्या नवऱ्याला आमच्याकडे दाजी म्हणतात, आणि दाजी-मेहुणीचं नातं चेष्टेवरच उभं असतं. लग्नात मी त्यांचे बूट लपवले होते. मी तेव्हा पंधरा-सोळा वर्षांची, मोठ्या आशेने बसलेली, की आता नवरदेव विनवण्या करणार, मी नखरे करणार. वरात निघायची वेळ झाली तरी बूट कोणी मागेनात. बघते तर नवरदेव मुंडावळ्यांसकट अनवाणी एस.टी. स्टँडकडे चालायला लागलेले! बूट पोटाशी धरून मीच मागे पळत सुटले. ते वळून म्हणाले, “राहू द्या की तुमालाच. आमची मेंढरामागं फिरायची सवय, आमाला बूटच टोचतेत.” आमचं सगळं वैराग गाव हसलं. मी इतकी चिडले, की पुढं वर्षभर त्यांच्याशी धड बोलले नाही. त्याचं त्यांना फार सुख.

ते सांगोल्याकडच्या कोरड्या माळावरचे. घरची मेंढरं, शेळ्या, थोडी जिरायत शेती. दाजी तेवढे शिकले आणि कुर्डुवाडीला रेल्वेच्या कारखान्यात फिटर झाले. उंच, काटक, बोलणं कमी आणि जे बोलतील ते तिरकं. निवृत्त झाल्यावर त्यांनी सोलापूरच्या कडेला प्लॉट घेऊन घर बांधलं. मी लग्न केलं नव्हतं, इथंच शाळेत नोकरीला होते आणि भाड्याच्या खोल्या बदलून कंटाळले होते. दाजींनी वर दोन खोल्या चढवल्या आणि मला न विचारता माझी पुस्तकांची ट्रंक त्यांत नेऊन ठेवली. “मास्तरीणबाई, वर राहा. खाली आमची चूक झाली तर छडी घेऊन उतरा,” एवढंच निमंत्रण. त्यांच्या तोंडून माझं नाव मी कधी ऐकलं नाही.

त्या प्लॉटवर कुसळाशिवाय काही नव्हतं. वर वीतभर मुरूम, खाली दगड. नळाला पाणी चार-पाच दिवसांनी. शेजारपाजारचे सगळे शहाणे, त्यांनी कुंपणाला अशोक लावले आणि पुढं फरशी घातली. दाजींना फुलणारी झाडं हवी होती, झुडपं नव्हेत, झाडं. कारखान्यात तीस-पस्तीस वर्षं तेल आणि लोखंड बघितलंय, आता मान वर करून बघायला काही तरी पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. पहार घेऊन ते रोज सकाळी हातभर खड्डा खणायचे. एकेका खड्ड्याला आठवडा लागे. गावाकडून धाकट्या भावाने मेंढ्यांच्या लेंडीखताची पोती पाठवली, ती मुरमात कालवून खड्डे भरले. कांचन लावला, तामण लावली. तामणीला ओल लागते म्हणून न्हाणीघराचं पाणी तिच्याकडे वळवलं, कांचन कोरड्या कोपऱ्यात ठेवला. प्रत्येक झाडाचा स्वभाव आधी विचारावा आणि मग त्याला जागा द्यावी, असं ते म्हणत. माणसांच्या बाबतीतही तसंच करत, हे मला फार उशिरा कळलं.

आणि बहावा... तो अक्काचा हट्ट.

आमचे वडील वैरागच्या शाळेत शिपाई होते. आवारातच आमची खोली आणि खोलीच्या दारात बहावा. चैत्र-वैशाखात त्याला पान दिसायचं नाही, नुसती पिवळी झुंबरं. आम्ही दोघी त्याखाली सतरंजी टाकून दुपारभर पडून असायचो. वाऱ्याने झुंबरं हलायची आणि आमच्या फ्रॉकवर, हातावर, आईच्या पापडांवर पिवळा उजेड हलायचा. अक्का लोंबता घोस तोडून कानावर अडकवायची आणि मान हलवत डूल मिरवायची. मला झोप लागायची, जाग आली की अंगावर पाकळ्या पडलेल्या असायच्या. पुढं शाळेच्या नव्या खोल्या झाल्या तेव्हा ते झाड पाडायचं ठरलं. दाजींनी पाडायच्या आधी जाऊन त्याच्या हातभर लांब शेंगा पिशवीत भरून आणल्या.

बहाव्याचं बी टणक, सहजी रुजत नाही. उकळत्या पाण्यात घालून भिजत ठेवावं, असं मी पुस्तकात वाचून सांगितलं. दाजींनी ऐकून घेतलं आणि धनगरी शहाणपण काढलं. बाभळीच्या शेंगा शेळ्या खातात, बी त्यांच्या पोटातून येतं आणि त्यांना कोंडायच्या वाड्यात आपोआप उगवतं. मग बहाव्याचंही तसंच होणार! ते शेंगा घेऊन गावी गेले आणि भावाच्या गाभण नसलेल्या, धडधाकट अशा एका शेळीला फोडून चारल्या. बहाव्याचा गर म्हणजे वैद्याचं जुलाबाचं औषध, हे एवढ्या मोठ्या माणसाच्या ध्यानात राहिलं नाही. तीन दिवस शेळी आडवी आणि भाऊ उभा, शिव्या द्यायला. “इंजिनं दुरुस्त करून तुझं डोस्कं बिघडलंय,” तो म्हणाला. दाजींनी निमूटपणे वाडा झाडला, त्यातून बिया वेचल्या, धुतल्या आणि आणल्या. तीन रुजल्या, एक जगली. “शेळीची देणगी” असं ते त्या रोपाला म्हणत आणि अक्का पदर तोंडाला लावून हसत बसे.

झाडं वाढली तशी त्या अंगणातली दुपार बदलली. सोलापूरचं ऊन मी कोणाला समजावून सांगायची गरज नाही. पण कांचनाच्या जोडपानांतून गाळून आलं की तेच ऊन निवतं. मी सकाळची शाळा करून यायचे, तिघं जेवायचो, आणि मग बाजेवर, कट्ट्यावर, पायरीवर जिथं सावली तिथं आडवं व्हायचं. कोणी काही बोलत नसे. तामणीची जांभळी फुलं हौदाच्या पाण्यावर पडायची, फिरत फिरत कडेला लागायची. त्या दुपारींची मला नेमकी गोष्ट एकही आठवत नाही, नुसता रंग आठवतो. शेजारीण कचरा होतो म्हणून कुरकुरायची, तर दाजी डोळे न उघडता म्हणायचे, “वैनी, हा केर देवाला बी चालतोय.”

बहावा डोक्याच्या वर गेला त्या सुमाराला अक्का भरलेल्या तांब्याला अडखळली. मग उंबऱ्याला, मग माझ्या पायाला. डोळ्यांच्या डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. गेलेली नजर परत येणार नाही, उरलेली थेंब घालून जपायची. “कसं दिसतं गं?” मी विचारलं. “दार पुढं केलंय आनि फटीतनं बघतीय, तसं,” ती म्हणाली. ती फट वर्षावर्षाने बारीक होत जाणार, हे तिघांनाही ठाऊक झालं होतं. दाजी दिवसातून तीनदा तिचं डोकं मांडीवर घेऊन थेंब घालत. एकदा थेंब घालून झाल्यावर ती डोळे मिटूनच म्हणाली, “बहावा फुलल्याला मला बघायचाय. एकदा बघितला की मग फट मिटंना का.”

दाजींनी थेंबांच्या बाटलीला झाकण लावलं. त्या दिवाळीला त्यांनी बहाव्याचं पाणी तोडलं.

हे त्यांचं गावाकडचं ज्ञान. सांगोल्याकडं डाळिंबाचा बहार धरायचा तर आधी झाडाला ताण देतात. पाणी बंद करायचं, झाड तहानेलं ठेवायचं. पानं पिवळी पडून गळतात, फांद्या उघड्या होतात, बघणाऱ्याला वाटतं बाग गेली. आणि मग झाड जिवाच्या आकांताने फुलावर येतं. माळावरचा बहावा पावसाळा सरला की तहानेलाच असतो, म्हणून तो वैशाखात पेटतो. घरातल्या बहाव्याला आपण पाणी घालून घालून पानांचाच करून ठेवतो, असं दाजींचं म्हणणं. “लाडावलंय. दिवाळीपास्नं एक थेंब घालायचा न्हाय,” त्यांनी आम्हा दोघींना बजावलं.

माघ उजाडला, पानं मलूल झाली. मी वरच्या गॅलरीतून रोज बघायचे. शाळेच्या भिंतीवर ‘झाडे जगवा’ मीच माझ्या हाताने रंगवलेलं. उन्हाळ्याच्या सुट्टीत झाडांना तांब्याभर पाणी घाला, म्हणून पोरांकडून शपथ घेतलेली. आणि घरातलं झाड डोळ्यांदेखत तहानेनं मान टाकतंय! त्यातून ते आमच्या वैरागच्या शाळेतल्या झाडाचं लेकरू. एका दुपारी दाजींचा डोळा लागलेला पाहून मी वरून बादली आणली आणि आळ्यात हळूच ओतली. माती चुर्र वाजली. मला इतकं बरं वाटलं, की दुसऱ्या दिवशीही आणली... मग रोजच. झाड हिरवंगार राहिलं. वैशाखात फूल आलं नाही. दाजी म्हणाले, लहान असंल अजून, पुढच्या वर्षी.

पुढच्या वर्षी मी मनाशी ठरवलं होतं, की या खेपेला नाही घालायचं. पण पहिलं पान पिवळं पडलं आणि माझा निश्चय गळाला. एवढ्याशा एका बादलीनं काय बिघडतंय, असं मी स्वतःला समजावत होते. कधी कधी आळ्यात तांदळाची कणी पडलेली दिसायची, मुंग्या ती ओढत असायच्या. दाजी चिमण्यांना टाकत असतील, असं म्हणून मी त्यावरच पाणी ओतायचे. त्याही वर्षी फूल नाही. अक्काची फट बारीक होत चालली होती. भाकरी थापताना ती तव्याकडे मान वाकडी करून बघायला लागली होती.

तिसऱ्या वर्षी, फाल्गुनातल्या एका दुपारी, मी बादली घेऊन आले तर दाजी तामणीमागं बसून आकडी पाजळत होते. आकडी म्हणजे लांब काठी आणि तिच्या टोकाला विळ्यासारखं वाकडं पातं. शेळ्यांना चारा खाली ओढायला धनगर बाळगतात ती. त्यांनी मान वर केली नाही. “मास्तरीणबाई,” ते म्हणाले, “एक बादली की दोन?”

माझ्या हातातली बादली तिथंच टेकली.

“काल आळ्यात हात घातला. माती गार लागली. कवापास्नं घालताय?”

“तीन वर्षं,” मी म्हणाले.

ते बराच वेळ दगडावर पातं घासत राहिले. मला वाटलं, ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं. मग म्हणाले, “त्या झाडाला काय कळतंय? त्याला वाटलं, पाऊस अजून हायच की. मग फुलायची घाई कशाला करंल?”

मी रडायला लागले. तीन वर्षं म्हणजे काय, हे आम्हा दोघांनाही कळत होतं. अक्काची तीन वर्षं. दाजी उठले, बादली उचलून तामणीच्या मुळाशी रिती केली आणि माझ्याजवळ येऊन हळू म्हणाले, “सुमनला सांगू नका. तिला वाटू द्या, झाडच आळशी हाय.”

तेव्हापासून आमच्या घरात तो ‘आळशी बहावा’ झाला. दाजी म्हणत, अक्का म्हणे, मीही म्हणायचे.

त्यानंतरच्या दिवाळीपासून मी गॅलरीचं दारच लावून घेतलं. झाड पूर्ण उघडं झालं. चैत्रात काड्यांना हिरवट गाठी आल्या, गाठींची झुंबरं झाली, आणि एका सकाळी शेळीची ती देणगी खालपासून वरपर्यंत पिवळी होऊन उभी राहिली. दाजी अक्काला हाताला धरून घेऊन आले. मी पायरीवर उभी होते. ती झाडासमोर उभी राहिली, मान डावीकडे केली, उजवीकडे केली, वर केली... फट मिटली होती. गेल्या पावसाळ्यातच मिटली होती, पण आम्हाला कुठंतरी वेडी आशा होती.

“पिवळं न्हाय दिसत,” ती शेवटी म्हणाली. “पन उजेड वाढल्यागत वाटतोय.”

दाजींनी आकडीने एक फांदी खाली ओढली, घोस तोडला आणि तिच्या कानावर अडकवला. पासष्टीच्या जवळ आलेली बाई ती, मान हलवून डूल मिरवायला लागली. दोघं हसत होती. मी वर जाऊन दार लावून बसले. माझ्या बादलीने माझ्या बहिणीचं बघणं बुडवलं, ही गोष्ट मी त्या दिवसापासून उराशी घेऊन वावरले. देवळात गेले, सांगितली नाही. अक्काचे केस विंचरताना कितीदा जिभेवर आली, गिळली.

दाजींनी मात्र हळहळत बसण्यात दिवस घालवला नाही. ते गावी गेले आणि भावाकडून शेळीच्या केसांची वळलेली दोरी घेऊन आले. काळी, खरखरीत, पावसाने न कुजणारी. स्वयंपाकघराच्या दारापासून निघून ती कमरेच्या उंचीवर झाडाझाडाला वेढे घेत अंगणभर फिरवली. कांचनाशी एक गाठ, तामणीशी दोन. मग अक्कासाठी वासाची झाडं आली: सोनचाफा, पारिजात, आणि कोपऱ्यात बुचाचं झाड, ज्याची पांढरी फुलं रात्रभर आपोआप गळतात आणि सकाळी अंगण गंधाळून जातं. तीन गाठी, चार गाठी, पाच. आणि दोरी जिथं संपते तिथं, बहाव्याशी, गाठ नाही. कारखान्याच्या दिवसांतलं एक पितळी वायसर, नटाखालची गोल चकती, बांधलेलं. अक्का रोज संध्याकाळी दोरी धरून निघायची. दाजी दाराशी बसून दोरीच्या टोकावर बोट ठेवायचे. ती चालते आहे, थांबली आहे, वाकून फूल उचलते आहे, सगळं त्यांना बोटाला कळे. “आता बुचापाशी हाय,” ते मला सांगायचे, आणि बघावं तर ती तिथंच असायची. वायसर तिच्या अंगठ्याने घासून घासून सोन्यासारखं लखलखीत झालं.

कधी तेही टोकाशी जाऊन बसत आणि तिथून दोरीला दोन हलके झटके देत. याचा अर्थ, चहा हितंच आन. त्या मंगळवारी झटके आले नाहीत, नुसतं वजन आलं.

तेरावं झालं, माणसं पांगली. अक्काची मुलगी, माझी हैदराबादची भाची, आईला घेऊन जायला बघत होती, अक्का म्हणाली, बहावा फुलू दे, मग बघू. बहाव्याचं पाणी दाजींनीच दिवाळीला तोडलेलं होतं. झाडावर आता एकही पान नव्हतं. येणारा-जाणारा म्हणायचा, बाई, पाणी घाला, नाहीतर हे झाडही दाजींच्या मागोमाग जाईल. मी सगळ्यांना वाटेला लावत होते. पण एका संध्याकाळी मीच गॅलरीत उभी होते, खाली ते उघडं झाड, त्याखाली रिकामा कट्टा... आणि मला एकदम वाटलं, खरंच गेलं असलं तर? बादली कधी भरली आणि जिना कधी उतरले, कळलं नाही.

अक्का स्वयंपाकघराच्या पायरीवर बसली होती. “कडीचा आवाज येतोय,” ती म्हणाली. “कुटं निघालीस बादली घेऊन?”

मी बादली ठेवली, तिच्याजवळ बसले आणि सगळं सांगून टाकलं. पहिली बादली, तीन वर्षं, तामणीमागं बसलेले दाजी. “तुझं बघणं माझ्यामुळं बुडालं,” मी म्हणाले.

तिने हात पुढं करून बादलीची कडी चाचपली. मग तिने विचारलं, “तू दुपारी घालायचीस व्हय?”

“हो.”

“मी सकाळी घालायची,” अक्का म्हणाली. “तांदूळ धुतल्यालं पाणी. ह्यांची अंगूळ चाललेली असायची तवा. आपल्या शाळंतलं झाड गं ते... तहानेलं कसं बघवंल? तीन वर्सं घातलं. मग ह्यांनी कणी बघितली आळ्यात.”

तांदळाची कणी. मुंग्या. माझ्या डोळ्यांसमोर ते आळं जसंच्या तसं उभं राहिलं.

“काय म्हणाले?”

“काय म्हणायचेत? म्हनले, मास्तरीणबाईला सांगू नको. तिला वाटू दे, झाडच आळशी हाय.”

आम्ही दोघी एकमेकींकडे वळलो. ती बघू शकत नव्हती आणि मला डोळ्यांतल्या पाण्यामुळे दिसत नव्हतं. आधी कोण हसलं, सांगता येणार नाही. सहा वर्षं एकाच छपराखाली, एका ताटात जेवून, दोघी एकच ओझं वाहत होतो, आणि तो माणूस दोघींच्या मधे बसून ‘आळशी, आळशी’ म्हणून झाडाला नावं ठेवत होता. दोघींचं त्याने पोटात घेतलं. स्वतःच्या हळहळीचं काय केलं, ते मात्र कोणाला सांगितलं नाही. बादलीतलं पाणी आम्ही तामणीला घातलं.

आता वैशाख चालू आहे. बहावा फुलला आहे, इतका, की संध्याकाळी दिवा लावायला उशीर होतो. दाराशी आता मी बसते, दोरीवर बोट ठेवून. मला दाजींसारखं कळत नाही. गाठी चुकतात, बूच म्हणावं तर ती सोनचाफ्याशी असते. परवा ती निघाली, दोरी थरथरत राहिली, थांबली, पुन्हा हलली. मग टोकाकडे एकाएकी ओढ बसली आणि दोरी जड होऊन तशीच राहिली. मी हाक मारली. ओ नाही. चप्पल न घालता तशीच धावले.

अक्का कट्ट्यावर बसली होती, बुंध्याला पाठ टेकून, मनगटाला दोरीचा वेढा देऊन. पदरावर, केसांत, उघड्या तळहातावर पिवळ्या पाकळ्या. वाऱ्याची झुळूक आली की आणखी पडत होत्या, आणि प्रत्येक पाकळी अंगाला लागली की ती किंचित हसत होती.

“ओ का दिली नाहीस?” मी ओरडलेच.

“मोजत होते,” ती म्हणाली. “घाबरलीस व्हय? बस हितं.” तिने बाजूची फरशी हाताने चाचपली. “ह्यांची जागा अजून गरम हाय.”

मी बसण्याआधी हात लावून बघितला. दिवसभराच्या उन्हाने फरशी खरंच गरम होती.